सात नंबरचे बटण

"दुर्बीणकाका, चारवर जा," हेडफोनमधून डिरेक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांचे वाक्य पुरे होईपर्यंत मोठ्या पडद्यावर चार नंबर दिसतही होता. लाल पथकाचा तो गडी पडक्या शाळेच्या भिंतीला पाठ लावून ग्रेनेडची पिन काढत होता. बाई नुसत्या हसल्या. गेले नऊ महिने दर शनिवारी दुपारी त्या हुकूम सोडत होत्या, आणि हुकूम सुटायच्या आतच तो बजावला गेलेला असायचा.

काम ऐकायला पोरकट वाटेल. शेजारच्या काचेच्या खोलीत आठ जण आठ कॉम्प्युटरांवर लढाईचा खेळ खेळत. चार लाल, चार निळे. आठ जण आठ ठिकाणी, आणि घरोघरी बघत बसलेल्या हजारो लोकांना पडदा मात्र एकच. त्या पडद्यावर कोणत्या क्षणी काय दाखवायचे, हे काका ठरवत. कीबोर्डवरची एक ते आठ ही बटणे आठ खेळाडूंची. पाच दाबले की पाच नंबरच्या डोळ्यांनी दिसायचे. शून्य दाबले की कॅमेरा मोकळा सुटायचा. मग तो अक्षरांच्या बटणांनी हवेत हाकायचा, माउसने त्याची मान वळवायची आणि चाकाने वेग कमी-जास्त करायचा. काका तो छपरांवरून असा नेत, की बघणाऱ्याला आपणच उडतो आहोत असे वाटावे. दाराआडचा माणूस आणि दाराबाहेरचा माणूस एकाच चित्रात धरणे म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ होता.

आणि गंमत अशी, की स्वतः काकांना हा खेळ मुळीच खेळता येत नसे. घरी त्यांनी एकदा हौसेने हातात घेतला. कॅमेऱ्याची मान अलगद वळवणारा तोच हात, बंदूक आली की गडबडून माउस पुढे ढकली आणि मान वर जाई. समोर शत्रू उभा आणि काका ढगांकडे बघत चालले आहेत, असे तीनदा झाले आणि चौथ्यांदा ते विहिरीत पडले. मुलगी म्हणाली, "बाबा, आपली लढाई आभाळाशी नाहीये."

त्यांचे डोळे तयार झाले ते दुसरीकडेच. एका मोठ्या गोदामाच्या कॅमेरा-खोलीत काकांनी बावीस वर्षे काढली होती. समोर बत्तीस पडदे, मागे एक पंखा. डोळ्यात तेल घालून बघणे हे इतरांसाठी बोलायचे झाले, काका तर दिवसातून चार वेळा डॉक्टरांनी दिलेले थेंब खरोखरच डोळ्यांत घालत. तिथेच त्यांना कळले की, ज्याला खोके उचलायचे असते तो खोक्याकडे कधीच बघत नाही, तो दाराकडे बघतो. म्हणून माणूस कुठे उभा आहे यापेक्षा तो कुठे बघणे टाळतो आहे, इकडे त्यांचे लक्ष असे. दुर्बीण हे नाव त्यांना हमालांनी दिले, आणि ज्यांनी दिले त्यांच्यातले दोघे त्यांनीच पकडून दिले होते.

आणखी एक गोष्ट त्या खोलीने शिकवली. पाळी संपली की रजिस्टर भरायचे. कोणता कॅमेरा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंद होता, आणि का. वायर उंदराने कुरतडली तर तसे, आणि आपल्याला डुलकी लागली तर तसे. पहिल्या वर्षी काकांनी अशी एक डुलकी लपवली तेव्हा त्यांचे म्हातारे सुपरवायझर ओरडले नाहीत. त्यांनी समोर बसवून घेतले आणि म्हणाले, "कॅमेरा बंद राहिला याची लाज नाही. लिहिलं नाहीस याची आहे. एक लपवलास, की उरलेल्या एकतीसांवर कोण विश्वास ठेवणार?" त्यानंतर एकवीस वर्षे काकांच्या रजिस्टरात खाडाखोड सुद्धा झाली नाही.

पुढे गोदामात आपोआप बघणारी यंत्रे आली आणि काका घरी बसले. रिकामा माणूस घरात जिथे उभा राहील तिथे अडचणच होते. काकांनी त्यातल्या त्यात मुलीच्या खुर्चीमागची जागा पकडली. ती खेळत असे, ते बघत असत. एक दिवस ते सहज म्हणाले की डावीकडच्या जिन्यात कोणीतरी दबा धरून आहे. तिने विचारले, कशावरून? ते म्हणाले, समोरचा माणूस सगळीकडे बघतोय, तेवढा जिना सोडून. जिन्यात खरोखरच दोघे होते. दुसऱ्याच आठवड्यात मुलगी त्यांना हाताला धरून आपल्या खेळाच्या अकादमीत घेऊन गेली, कारण तिथे कॅमेरा हाकायला माणूस मिळत नव्हता. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी काकांना नोकरी लागली आणि तीही मुलीच्या वशिल्याने. यावर घरात बरेच दिवस हसणे चालू होते.

आता या मुलीबद्दल. ती बावीस वर्षांची, निळ्या पथकात, नंबर सात. चौघांच्या पथकात प्रत्येकाचे काम ठरलेले असते. पहिला दार फोडून आत घुसतो. दुसरा त्याच्या खांद्यावरून गोळ्या झाडून त्याला आडोसा देतो. तिसरा म्होरक्या, त्याच्या डोक्यात सगळा नकाशा. आणि चौथ्याला म्हणतात पाठ. तिघे पुढे लढत असताना पाठीने त्या सगळ्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि आपण आलो त्या वाटेवर नजर ठेवायची. पाठीला गोळी झाडावी लागली नाही, तर तो तिचा चांगला दिवस. काकांची मुलगी पाठ होती, आणि कोचच्या मते तिच्यासारखी पाठ त्याने दहा वर्षांत पाहिली नव्हती.

सात नंबर माझी मुलगी आहे, हे काकांनी पहिल्याच दिवशी लेखी दिले होते. अकादमीने काही हरकत घेतली नाही. पण पहिल्या आठवड्यात चहाच्या टेबलावर लाल पथकातला कोणीतरी गमतीने म्हणाला, "काय, काकांचं घरचंच कार्य आहे. दिसणार सातच!" सगळे हसले, काकाही हसले. बोलणारा तासाभरात विसरून गेला. काका नाही विसरले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, काकांचे तोंड तर पोळलेलेही नव्हते, तरी ते नऊ महिने फुंकत बसले.

नऊ महिने संपून शेवटचा शनिवार उजाडला. आठांतले चार जण निवडून परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला जायचे होते. निवड करणारी समिती दुसऱ्या शहरात बसून फक्त शनिवारची प्रक्षेपणे बघत होती. खेळाच्या मूळ फाइली अकादमीत पडून होत्या. त्या उघडून कोणत्याही खेळाडूच्या मागे हवा तितका वेळ बसता येते. पण एवढी चिकाटी कोणाला? सकाळीच कोचने निळ्या पथकाला सांगितले की समितीचा फोन आला होता. बाकी सगळ्यांबद्दल त्यांचे काही ना काही मत होते. सातबद्दल त्यांनी एवढेच विचारले होते, की ही मुलगी नक्की करते काय?

हे तिने वडिलांना सांगितले नाही. जेवणाच्या सुट्टीत ती नेहमीप्रमाणे डबा घेऊन त्यांच्या खोलीत आली. काका हात धुवायला गेले होते, म्हणून ती त्यांच्याच खुर्चीत बसली. ते हात पुसत आले तेव्हा ती कीबोर्डकडे बघत होती.

"बाबा, हे सातचं बटण नवीन बसवलं का?"

"नाही गं. का?"

ती उठली. कोचने बोलावलंय असे पुटपुटली आणि डबा न उघडताच निघून गेली.

काकांनी चष्मा लावून खाली पाहिले. काळ्या बटणांवरचे पांढरे आकडे. एकची अर्धीच रेघ उरली होती. चार अर्धा पुसलेला, पाच तर पूर्णच गेलेला, आठचा वरचा गोळा घासून गायब. आणि त्यांच्या रांगेत सात, दुकानातून आजच आणल्यासारखा ठसठशीत. काकांनी त्यावरून बोट फिरवले. बोटाला धूळ लागली.

बावीस वर्षे दुसऱ्यांच्या नजरा वाचणाऱ्या माणसाला आपली नजर कुठे जात नाही, एवढे कळले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आपण पक्षपात करत नाही, याचा त्यांना केवढा अभिमान होता! कोणी परका सातवर असता तर आपण त्याला दाखवले असते की नाही? काकांनी स्वतःला विचारले, आणि उत्तर लगेच आले: दाखवले असते. तेवढ्यात कोच आत डोकावला आणि समितीच्या फोनचे त्यांनाही कळले. त्यांनी डबा तसाच बाजूला ठेवला.

सामना सुरू झाला. टेकडीवरचे रेडिओ केंद्र लालांच्या ताब्यात आणि निळ्यांनी ते घ्यायचे. तिघे निळे समोरच्या फाटकातून भिडले. सात नंबर खाली राहिली, टेकडीच्या मागच्या अंगाला, पंपघराच्या तुटक्या दारापाशी, पिंपांच्या आडोशाला. त्या दारातून एक वाट वर येत होती. वाटेवर चिटपाखरूही नव्हते.

काकांनी शून्य दाबून कॅमेरा मोकळा सोडला आणि केंद्राभोवती एक चक्कर मारली. चार लालांपैकी दोघेच गोळीबार करत होते, पण आवाज चौघांचा काढत होते. उरलेले दोघे कुठे आहेत हे दिसत नव्हते, आणि फाटकावरचा एकही लाल पंपघराच्या दिशेने बघत नव्हता. तेवढे काकांना पुरले.

त्यांचे बोट सातवर गेले आणि थबकले. हे आपण खेळासाठी करतोय की पोरीसाठी? मग त्यांनी मनात म्हटले, कोणाच्याही पोरीसाठी केले असते, आणि बटण दाबले. ते जरा कडकच निघाले.

पडद्यावर एक तुटके दार दिसू लागले. नुसते दार.

"काका, फाटकावर चला, फाटकावर मारामारी चाललीय," डिरेक्टरबाई म्हणाल्या. काका हलले नाहीत. दहा सेकंद गेले, वीस गेले. "काका, लोक रिकामं दार बघतायत!"

"मॅडम, आज मला इथे राहू द्या," काका म्हणाले. नऊ महिन्यांत त्यांनी मोडलेला तो पहिला हुकूम.

आणि काका बघू लागले. मुलगी हा खेळ कशी खेळते हे त्यांनी खुर्चीमागून शेकडो वेळा पाहिले होते. पण तेव्हा ते शत्रू शोधत असत, तिच्याकडे बघत नसत. आता त्यांना तिची नजर दिसली. ती दाराकडे टक लावून बघतच नव्हती. दाराच्या चौकटीपासून वीतभर बाजूला नजर धरून होती, म्हणजे दारात काही हलले तर ते डोळ्याच्या कडेला आधी टोचते. काही वेळाने ती नजर मागे वळे, टेकडीवरच्या तीन निळ्या ठिपक्यांवर थांबे, एक, दोन, तीन, आणि परत दाराशी येई. पुन्हा थोड्या वेळाने मागे. एक, दोन, तीन. परत दार.

ही मोजणी काकांची होती. ती सात-आठ वर्षांची असताना सुट्टीच्या दिवशी ते तिला गोदामाच्या खोलीत घेऊन जात. कंटाळू नये म्हणून तिला खेळ लावून देत. दर थोड्या वेळाने प्रत्येक पडद्यातली माणसे मोजायची, आणि एक जरी कमी भरला तरी बाबांना सांगायचे. पोर दिवसभर स्टुलावर बसून मोजत असे. ती हे विसरली असेल असे त्यांना वाटले होते. तेच विसरले होते.

दारात सावली हलली. पहिला लाल वाकून आत आला. तिने गोळी झाडली नाही. काकांच्या तोंडून "हं" असा हुंकार निघाला, कारण त्यांना कळले. पहिल्याला उडवले तर दुसरा बाहेरूनच पळेल. तिने त्याला आपल्या अंगावरून, तीन हातांवरून जाऊ दिले. खेळाडूंचे बोलणे काकांच्या कानात येत होते. फाटकावरचे तिघे ओरडत होते, आणि त्यात तिचा आवाज बाजारहाटाची यादी सांगावी तसा आला: "मागे दोन आहेत. वळू नका. मी आहे."

दुसरा आत आला. तिने आधी त्याला टिपले, मग वळून पहिल्याला. पण पहिलाही वळला होता. ती आणि तो एकदमच पडले, आणि खेळातून बाद झाल्याच्या खुणेने सात नंबरचा पडदा करडा झाला.

बाई हळूच म्हणाल्या, "सातवरच राहा, काका." त्या करड्या पडद्यावर, दूर टेकडीच्या माथ्यावर, तिघे निळे दिवसाउजेडी केंद्रात शिरताना दिसले. त्यांच्या मागून कोणीच आले नाही.

सामना निळ्यांनी जिंकला. सगळे मुलीच्या पाठीवर थाप मारत होते. कोणालाही वाटले असते की झाले, आता गंगेत घोडे न्हाले. काकांना तसे वाटले नाही. सदतीस सामन्यांचा हिशेब एका सामन्याने फिटत नाही, हे ते जाणून होते. ते आपल्या खोलीत परत आले आणि त्यांनी एक कागद ओढला. लिहिताना त्यांना शब्द शोधावे लागले नाहीत, नमुना बावीस वर्षांचा पाठ होता.

"कॅमेरा नंबर सात. बंद: पहिल्या सामन्यापासून सदतिसाव्या सामन्यापर्यंत. कारण: यंत्रात दोष नाही. खेळाडू माझी मुलगी असल्याने लोक काय म्हणतील या भीतीने ऑपरेटरने बटण दाबले नाही. मूळ फाइली शाबूत आहेत. सात नंबरचे काम त्यांत पाहावे." खाली सही, तारीख, वेळ.

डिरेक्टरबाईंनी तो वाचून कपाळावर हात मारला. हे समितीला गेले तर तुम्हाला या खुर्चीवर ठेवता येणार नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. आजच्या सामन्यावर तिची निवड होईलही कदाचित, उगाच स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेता, असेही विचारले. काका म्हणाले, तुमचे बरोबर आहे, आणि कागद पाकिटात घातला.

मुलगी दारात उभी राहून सगळे ऐकत होती. ती आत आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"माझ्यासाठी असलं काही लिहू नका, बाबा."

"तुझ्यासाठी कुठे लिहितोय?" काका पाकीट चिकटवत म्हणाले. "रजिस्टर माझं आहे. भरायचं राहिलं होतं."

मग दोघांनी मिळून दुपारचा डबा संध्याकाळी खाल्ला.

समितीने तीन आठवडे लावले. कोणीतरी खरोखरच मूळ फाइली उघडून सात नंबरच्या मागे बसले असावे, कारण नंतर त्यांनी कोचला विचारले की ही मुलगी असे बघायला कुठे शिकली? चौघांच्या यादीत तिचे नाव चौथे होते. त्याच टपालाने काकांना आलेले अकादमीचे पत्र अतिशय सभ्य भाषेत होते. त्यांच्या कामाची स्तुती करून, यापुढे त्यांना हे काम देता येणार नाही असे त्यात लिहिले होते. काकांनी ते दोनदा वाचले. आपण त्यांच्या जागी असतो तर हेच लिहिले असते, असे म्हणून त्यांनी ते घडी करून ठेवले. वाईट मात्र वाटले. कॅमेरा हवेत हाकायची बोटांना सवय झाली होती, आणि कितीतरी दिवस जेवताना त्यांचा डावा हात ताटाशेजारी उगाच हलत असे.

आता ते एका दवाखान्याच्या आवारात गाड्या लावून देतात. लोकांना मागे घेताना मागचे दिसत नाही. काका मागे उभे राहून सांगतात, या, या, या, बस्स. अजून एकही गाडी कुठे घासलेली नाही.

स्पर्धेचा पहिला सामना आपल्याकडच्या सकाळी होता. काकांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. मुलीच्या आईने दोन कप चहा करून टीव्हीसमोर स्टूल ओढले. परदेशातला कॅमेरा चांगला होता, काकांनी ते मोकळेपणाने कबूल केले. चौथ्या मिनिटालाच गोळीबार पेटला, धूर, धावपळ, निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडू लागले.

"अहो, आपली कुठाय?" आईने विचारले. "तिला दाखवतच नाहीयेत."

काका उठले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा नकाशा होता. त्यात सगळ्यांपासून लांब, एका गल्लीच्या तोंडाशी एक निळे टिंब होते, आणि त्याला नजरेची दिशा दाखवणारे बारीकसे टोक. काकांनी त्याच्याखाली बोट ठेवले.

"ही."

"हलत नाहीये."

"हलायचंच नाहीये तिला."

आईने स्टूल टीव्हीच्या अगदी जवळ घेतले आणि वरची सगळी लढाई सोडून त्या कोपऱ्याशी डोळे लावून बसली. चहा निवला. वर कोणीतरी पडले, कोणीतरी जिंकत होते. बऱ्याच वेळाने त्या टिंबाचे टोक हळूच मागे वळले, तिघांच्या दिशेने, तिथे जरासे थांबले, आणि परत गल्लीकडे फिरले.

"काय केलं तिने आत्ता?" आईने विचारले.

काकांचे बोट अजून काचेवरच होते.

"मोजले," ते म्हणाले.